हातात आरसा, तोंडात रशियन

रशियनच्या तासाला मास्तर मुलींना पर्समधले छोटे आरसे काढायला सांगत. स्वर उच्चारताना तोंडाच्या आत काय होतं ते त्यांनी स्वतःच बघायचं. इंग्रजी स्वर लिंबासारखा आणि रशियन स्वर संत्र्यासारखा, असं या मास्तरांनी १९४५ साली कॉलेजच्या मासिकात लिहिलं होतं. कॉलेज होतं अमेरिकेतल्या बॉस्टनजवळचं वेलस्ली, आणि मास्तर होते कादंबरीकार व्लादिमिर नाबोकोव्ह.

वेलस्ली हे १८७५ साली सुरू झालेलं मुलींचं कॉलेज. नाबोकोव्ह यांचा जन्म १८९९ साली पीटर्सबर्गचा. क्रांतीनंतर घर, देश सगळं सुटलं. केंब्रिज, बर्लिन, पॅरिस असं फिरत मे १९४० मध्ये ते पत्नी आणि मुलासह अमेरिकेला पोचले. पुढच्याच वर्षी वेलस्लीनं त्यांना वर्षभरासाठी नेमलं, तेही तुलनात्मक साहित्यासाठी. हिटलरनं सोव्हिएत संघावर हल्ला केला, अमेरिका युद्धात उतरली आणि अमेरिकी तरुणांना रशियनचं कुतूहल वाटू लागलं. १९४३ मध्ये वेलस्लीत रशियनचा वर्ग भरला. त्याचं क्रेडिट मिळत नव्हतं, तरी मुली येत होत्या. १९४४ मध्ये भाषेला अभ्यासक्रमात जागा मिळाली, १९४६ मध्ये अनुवादातून रशियन साहित्य शिकवणं सुरू झालं. विभाग म्हणजे हा एकटा माणूस.

एकट्यानं रशियन शिकवायचं म्हणजे काय करायचं? आधी तेहतीस अक्षरं. मग आघात. तो कुठल्या अक्षरावर पडेल याचा सोपा नियम नाही, आणि जागा चुकली तर अर्थच बदलतो: ‘झामक’ म्हणजे गढी, ‘झमोक’ म्हणजे कुलूप. नंतर तीन लिंगं आणि सहा विभक्ती. इंग्रजीत वाढलेल्या मुलीला ‘टेबल पुल्लिंगी का?’ इथूनच अडतं. मराठी माणसाला मात्र इथे घरच्यासारखं वाटेल. ‘तो, ती, ते’ आपण आईच्या मांडीवरच शिकलो. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ ही आपली वाक्यरचना रशियनमध्येही जवळपास तशीच आहे. क्रियापदांचं तर विशेषच. ‘पत्र लिहीत होतो’ आणि ‘पत्र लिहून टाकलं’ यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. रशियनमध्ये त्यासाठी बहुतेक क्रियापदांची जोडी असते: ‘पिसात’ आणि ‘नापिसात’. परदेशी विद्यार्थ्याची खरी दमछाक या जोड्यांत होते.

व्याकरणाचा हा घाट चढल्यावर पुश्किन, गोगोल, टॉलस्टॉय, चेकॉव्ह भेटतात. नाबोकोव्ह साहित्यही भाषेसारखंच शिकवत, म्हणजे तपशिलातून. मरणोत्तर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्यानांत टॉलस्टॉयच्या ‘अ‍ॅना कारेनिना’तली अ‍ॅना ज्या रेल्वेतून पीटर्सबर्गला परतते, तिच्या डब्याची त्यांनी काढलेली आकृती आहे. तो डबा डोळ्यांपुढे उभा राहिल्याशिवाय ते प्रकरण कळलं असं ते मानत नसत. शब्दाचा आघात ऐकायला शिकवणारा आणि कादंबरीतला डबा पाहायला शिकवणारा माणूस एकच होता. छोट्या कॉलेजात हे जमतं. बाराखडीचा शिक्षक वेगळा आणि टॉलस्टॉयचा वेगळा, अशी वाटणी तिथे परवडतच नाही, आणि तोच विद्यार्थ्याचा लाभ असतो.

या लाभाची किंमत शिक्षकानं मोजली. वेलस्लीत नाबोकोव्ह यांना कायम नोकरी मिळाली नाही. १९४८ मध्ये ते कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९५७ च्या त्यांच्या ‘प्निन’ कादंबरीचा नायकही एका छोट्या अमेरिकी कॉलेजात मोजक्या विद्यार्थ्यांना रशियन शिकवतो आणि त्याचीही जागा डळमळीतच असते.

रशियनच्या वर्गांचं नशीब कायम राजकारणाशी बांधलेलं राहिलं. ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत उपग्रह स्पुटनिक आकाशात गेला, पुढच्याच वर्षी अमेरिकेनं कायदा करून परकीय भाषांच्या शिक्षणाला पैसा दिला. सोव्हिएत संघ कोसळला तशी उलटी लाट आली: १९९० मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांत रशियन शिकणारे सुमारे ४४ हजार होते, ते १९९५ मध्ये २५ हजारांच्या आत आले. पुश्किन तोच, विभक्ती त्याच, फक्त वर्तमानपत्रातले मथळे बदलले होते. भाषेची गरज मथळ्यांवरून ठरवली की नुकसान सावकाश होतं आणि भरून यायला पिढी जाते, कारण एकदा बंद पडलेला वर्ग पुन्हा भरवायचा तर आधी शिक्षक घडवावा लागतो.

म्हणून अशा वर्गाचा हिशेब पटावरून करू नये. कॉर्नेलमध्ये १९५० च्या सुमारास नाबोकोव्ह यांना वर्गात शिकवायला पुश्किनच्या ‘येवगेनी अनेगिन’चा विश्वासू इंग्रजी अनुवाद हवा होता. मनासारखा मिळेना, म्हणून ते स्वतःच करायला बसले. वर्गाच्या त्या गरजेतून अनुवाद आणि टीपा मिळून चार खंड झाले, आणि ते १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले.