घरातली कट्यार किती जुनी, किती चांगली?

खंडेनवमीला आपल्या सांगली-साताऱ्याकडे घरोघरी शस्त्रं पुजली जातात. मग हमखास प्रश्न येतो, ‘सर, ही कट्यार शिवकाळातलीच ना?’ आज विश्रामबागेत याच प्रश्नाची फोड करू.

यात खरे तर दोन प्रश्न आहेत: ती जुनी आहे का आणि ती चांगली आहे का. जुनं हत्यार सुमार असू शकतं, हे लक्षात ठेवा.

आधी वय. ‘गंजली आहे, म्हणजे जुनी’ असं आपण म्हणतो. न्यायशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. जिथे साध्य नाही, तिथेही हेतू सापडतो. ओलीत ठेवलेली नवी सुरीसुद्धा एका पावसाळ्यात गंजतेच की!

दुसरं, कट्यारीचं वय एकच नसतं. मिलिंदप्रश्नात नागसेन विचारतात, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? तसंच इथे पातं, मूठ आणि म्यान वेगळं तपासा. तंजावरकडच्या अनेक कट्यारींत युरोपातून आलेल्या तलवारीचं पातं कापून, रिव्हेट मारून बसवलेलं आढळतं. म्हणजे पातं एका देशाचं, मूठ दुसऱ्या. बरं, पात्यावर ‘आंद्रेआ फेरारा’ कोरलेलं दिसलं तरी हुरळू नका. त्या प्रसिद्ध नावाची नक्कल भरपूर झाली.

आता प्रत. टोक बघा. चिलखताची कडी फोडायला ते मुद्दाम जाड ठेवलेलं असतं. मग पोलाद बघा. जौहरदार पोलादातल्या लाटा धातूच्या पोटातून आलेल्या असतात; वरून कोरलेली नक्कल घासली की जाते. सोनं असेल तर भिंग लावा. कोफ्तगिरीत बारीक ओरखड्यांच्या जाळीवर सोन्याची तार ठोकलेली असते. झिजलेल्या जागी ती जाळी उघडी दिसते.

आणि घराण्याची कथा? जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली. ती ग्रँट डफ यांच्याकडून त्यांच्या वंशजांकडे आली होती. शिवरायांनी वापरलेली तीच ही, हे पडताळता आलेलं नाही, असं ते संग्रहालयच सांगतं. यानं कथा खोटी ठरत नाही. पण कथा ऐकणं ही एक गोष्ट आणि वस्तूनं साक्ष देणं ही दुसरी.

ही साक्ष आपणच पुसतो, हे खरं दुःख. पूजेआधी पॉलिशपेपरनं कट्यार लखलखीत केली की सोनं, अक्षरं, सगळं गेलं. ते कुणालाच परत आणता येत नाही. तेव्हा यंदा एवढंच करा. सुती कापडानं धूळ पुसा, तेलाचा हलका हात द्या आणि थांबा. आजोबांनी सांगितलेलं, कुणी, केव्हा सांगितलं त्यासकट वहीत उतरवा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.