नवी डिस्क, जुना पत्ता

अशी कल्पना करा. शाळेतील संगणक सुरू व्हायला फार वेळ घेतो, म्हणून सरांनी नवी एसएसडी आणली. जुन्या हार्ड डिस्कवरील सर्व फाइली तिच्यावर उतरवल्या, जुनी डिस्क काढून नवी बसवली आणि बटण दाबले. पडद्यावर एकच ओळ उमटली: सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही! प्रश्नपत्रिका, निकालपत्रके सारे काही नव्या डिस्कवर आहे. मग संगणक अडला कोठे?

बटण दाबल्यावर काय घडते ते आधी पाहू. संगणक चालवणारी प्रणाली, उदाहरणार्थ विंडोज, डिस्कवर असते. तिला तेथून उचलून स्मृतीत आणायचे तर त्यासाठीही आज्ञावली हवी. ती कोण आणणार? स्वतःच्या खांद्यावर स्वतःच चढण्यासारखा हा पेच आहे. बुटाच्या मागील पट्टीला इंग्रजीत बूटस्ट्रॅप म्हणतात. ती ओढून स्वतःलाच वर उचलण्याच्या अशक्य कल्पनेवरून संगणक सुरू होण्याला 'बूट होणे' म्हणू लागले.

हा पेच सोडवते मदरबोर्डवरील एक लहानशी चिप. वीज गेली तरी तिच्यातील आज्ञावली पुसली जात नाही. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीपासून या आज्ञावलीचे 'बायोस' हे नाव रूढ झाले. बायोस डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, स्मृतीत आणते आणि त्यातील आज्ञा पाळू लागते. हार्ड डिस्कवर या सेक्टरची वाटणी अशी असते: ४४६ बाइटांत आज्ञा, ६४ बाइटांत डिस्कच्या विभागांची नोंद आणि २ बाइटांची खूण. एका विभागाच्या नोंदीला १६ बाइट लागतात. मग किती विभाग नोंदता येतील? बरोबर, चारच!

हा सेक्टर म्हणजे फाइल नव्हे. म्हणून नुसत्या फाइली उतरवल्या तर तो मागेच राहतो. अलीकडच्या संगणकांत बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे. तेथे बूट होण्याच्या फाइली एका लहान, सहसा न दिसणाऱ्या विभागात असतात आणि त्या विभागाचा पत्ता मदरबोर्ड लक्षात ठेवतो. बिऱ्हाड हलवले, पण पोस्टमनला नवा पत्ता कळवला नाही, तर पत्रे जुन्याच घरी जाणार ना?

आता दोष एकेक करून तपासू.

पहिला दोष अपुऱ्या नकलेचा. क्लोन करताना मुख्य विभागाबरोबर लहान विभागही घ्यावे लागतात. संपूर्ण डिस्कची नक्कल हवी. आपल्या गोष्टीतील सर येथेच चुकले.

दुसरा दोष पत्त्याचा. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन बूट होण्याच्या क्रमात नवी डिस्क पहिली आणावी. पत्ताच नाहीसा झाला असेल, तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून दुरुस्ती करता येते.

तिसरा दोष पद्धतीचा. डिस्कची मांडणी जुन्या बायोसची आणि सेटिंग केवळ यूईएफआयचे असेल, तर मेळ बसत नाही. शिवाय पट्टीसारख्या एनव्हीएमई एसएसडीवरून बूट होण्याची सोय अनेक जुन्या मदरबोर्डांत मुळातच नसते.

चौथा दोष जुळ्या भावंडांचा! हुबेहूब नकलेत डिस्कचा ओळखक्रमांकही तोच येतो. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या तर विंडोज एक चालू ठेवते व दुसरी बाजूला सारते. आपल्याला वाटते नवी चालते आहे; प्रत्यक्षात काम जुनीच करत असते. म्हणून संगणक बंद करून, जुनी डिस्क काढून मगच पहिल्यांदा सुरू करावा.

या सर्व दोषांवर उपाय आहे. पण एका चुकीवर बहुधा नाही. क्लोन करताना 'कोठून' आणि 'कोठे' यांची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि वर्षांचे काम पुसले जाते. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत आधी तिसऱ्याच ठिकाणी ठेवा. सुरुवातीचे बटण दाबण्यापूर्वी दोन्ही डिस्कचे आकारमान व मॉडेल क्रमांक कागदावर लिहून पडद्याशी ताडून पाहा. नवी डिस्क काही आठवडे नीट चालेपर्यंत जुनीला हात लावू नका.

करून पाहा: शिक्षकांच्या परवानगीने विंडोजमधील 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा आणि 'बायोस मोड' ही ओळ शोधा. तेथे 'लेगसी' लिहिले असेल तर पद्धत जुनी, 'यूईएफआय' असेल तर नवी. आता सांगा, तुमचा संगणक सकाळी कोणत्या वाटेने जागा होतो?