कापसाची धूळ व पडद्यावरील गिरणगाव

मानोऱ्यासारख्या वऱ्हाडी तालुक्यांत पिकणाऱ्या कापसाचा प्रवास शेतकऱ्याच्या हातून सुटून कामगाराच्या श्वासापर्यंत पोहोचतो. सरकी काढताना, तसेच सूतगिरणीच्या पिंजणखात्यात जी सूक्ष्म धूळ उडते, तीत वनस्पतीचे कण व जिवाणुजन्य विषद्रव्ये असतात. त्यांपासून उद्भवणाऱ्या ‘बिसिनोसिस’ या विकारात प्रारंभी साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. पुढे वर्षानुवर्षे धुळीत काम केल्यास फुफ्फुसांची हानी कायमची होते. भारतीय कायद्याने हा व्यवसायजन्य रोग मानला आहे. परंतु त्याची लक्षणे दमा किंवा धूम्रपानजन्य विकार यांसारखी असल्याने निदान चुकते आणि नुकसानभरपाईचा हक्क कागदावर राहण्याचा संभव असतो.

असा कापूस ज्या मुंबईच्या गिरण्यांत जाई, तेथील १९८२ च्या संपाने कोसळलेले कामगार-कुटुंब हा महेश मांजरेकर यांच्या ‘लालबाग परळ’ (२०१०) या चित्रपटाचा विषय होय. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकावर तो आधारलेला आहे. संप, बेकारी व गिरण्यांच्या जमिनी यांचा संघर्ष नाट्यास अनुकूल असतो. धुळीचे कार्य मात्र मंद व जवळजवळ अदृश्य असते. म्हणून चित्रपटाच्या आधारे कामगारांच्या शोषणाचा विचार करणाऱ्या अभ्यासकाने कथेसोबत कामगाराची वैद्यकीय नोंदही तपासणे अगत्याचे ठरते.