विद्यार्थी-वृत्तपत्र आणि मार्गदर्शक शिक्षक

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा प्रारंभ ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ने झाला. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर पुढे नामवंत अध्यापक झाले आणि १८४० मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिकही काढले. अध्यापन आणि पत्रकारिता यांचे नाते आपल्याकडे असे जुने आहे. शाळाशाळांतील भित्तिपत्रके व हस्तलिखिते हा त्याच नात्याचा विस्तार होय.

तथापि अनेक ठिकाणी हे काम भाषेच्या शिक्षकाकडे जादा काम म्हणून सोपविले जाते. कविता, सुविचार व निबंध जमवून शुद्धलेखन तपासले की ते संपले, असे मानण्यात येते. खरी कसोटी लागते ती विद्यार्थी बातमी लिहू लागल्यावर. समजा, शाळेच्या टाकीत चार दिवस पाणी नाही, असे सातवीतील एका मुलीने लिहून आणले. मजकूर नाकारला तर ती पुन्हा लेखणी उचलणार नाही. तपासल्याविना लावला आणि चूक निघाली तर दोष शिक्षकाच्या माथी येईल.

या संदर्भात अमेरिकेतील एक प्रकरण बोधप्रद आहे. मिसुरी राज्यातील हेझलवूड ईस्ट हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी मे १९८३ मध्ये ‘स्पेक्ट्रम’ या विद्यार्थी-वृत्तपत्राची दोन पाने छपाईपूर्वी काढून टाकली. गरोदर विद्यार्थिनींची नावे बदलली असली तरी त्या ओळखू येतील आणि घटस्फोटाविषयीच्या लेखात पालकांना आपली बाजू मांडण्याची संधी दिलेली नाही, ही त्यांनी दिलेल्या कारणांपैकी दोन प्रमुख कारणे होत. विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. या दोन्ही उणिवा लेखनाच्या टप्प्यावरच दूर करता येण्याजोग्या होत्या. परंतु वृत्तपत्राचे मार्गदर्शक शिक्षक अंक निघण्यापूर्वी थोडेच दिवस आधी शाळा सोडून गेले होते. शिक्षकाचे वेळीच लाभलेले मार्गदर्शन अखेरच्या कात्रीपेक्षा किती मोलाचे असते, हे यावरून ध्यानी यावे.

त्या देशात विद्यार्थी-पत्रकारांना व त्यांच्या शिक्षकांना कायदेविषयक सल्ला देणारी ‘स्टुडंट प्रेस लॉ सेंटर’ ही संस्था १९७४ पासून कार्य करीत आहे. विद्यार्थ्यांच्या लेखनस्वातंत्र्याची पाठराखण केल्याबद्दल शिक्षकावर कारवाई होऊ नये, असा कायदा कॅलिफोर्निया राज्याने २००८ मध्ये केला.

आपल्याकडील शिक्षकासही काही साधने उपलब्ध आहेत. वार्तांकनाची मर्यादा समजून घेण्यासाठी भारतीय प्रेस कौन्सिलने प्रसिद्ध केलेले पत्रकारितेच्या आचरणाचे निकष उपयुक्त आहेत. बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये पीडित, साक्षीदार किंवा विधिसंघर्षग्रस्त बालकाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. हे प्रत्येक बालसंपादकास प्रथम शिकवावे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये ग्रामपंचायतीसह प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने काही माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. ती वाचण्याची सवय लागल्यास ऐकीव गोष्ट आणि नोंद यांतील भेद मुलांना कळतो. बातमी कशी लिहावी हे समजावून देण्यासाठी स्थानिक वार्ताहरास किंवा जिल्हा माहिती कार्यालयातील अधिकाऱ्यास निमंत्रित करता येईल.

परंतु साधनांहूनही शिक्षकास पाठबळाची निकड अधिक असते. भित्तिपत्रकात काय यावे, कोणाची बाजू विचारावी, चूक झाल्यास दुरुस्ती कशी द्यावी आणि अंतिम निर्णय कोणाचा, हे मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती यांनी वर्षारंभीच लेखी ठरवावे. या कामासाठी वेळापत्रकात आठवड्यातून एक तास राखून ठेवावा. असे झाल्यास पाण्याच्या बातमीपुढे शिक्षक एकटा पडणार नाही. टाकी स्वतः पाहा, शिपायास व मुख्याध्यापकांस विचारा, ग्रामपंचायतीचे म्हणणे घ्या आणि मग लिहा, असे तो त्या मुलीला निःशंकपणे सांगू शकेल.

सरपंच आणि सदस्यांनीही अशी मुले कार्यालयात आली तर त्यांस परत न पाठविता उत्तर द्यावे. बातमी खरी असेल तर टाकी भरेल. अपुरी असेल तर उत्तर मिळाल्याने ती पूर्ण होईल. प्रश्न विचारून, पडताळून लिहिणारा विद्यार्थी हाच उद्याच्या ग्रामसभेचा जाणता नागरिक होय.