काटा यायला थंडी हवी

नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूंकडे संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांचं काम डिसेंबर संपायच्या आतच सुरू होतं. मंद निखाऱ्यांवर परात, परातीत मूठभर पांढरे तीळ, शेजारी पाकाचं पातेलं. पाकात थोडं दूध घालून मळी आधीच काढलेली. अर्धा चमचा पाक तिळांवर सोडायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांच्या टोकांनी दाणे हलकेच फिरवत राहायचं. मग पुन्हा अर्धा चमचा. पहिल्या दिवशी बघणाऱ्याला कंटाळाच येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दाणा फुगलेला दिसतो आणि त्याच्या अंगावर बारीक टोकं उमटू लागतात. तळाशी जमणारा साखरेचा भुगा सारखा चाळून काढायचा, नाहीतर काटे बुजतात.

‘घाई केली न, तर गोळे होतात बाप्पा,’ काकू परातीवरची नजर न हलवता म्हणतात.

थंडी मात्र हवीच. नागपुरात ती मिळते. 29 डिसेंबर 2018 ला इथला पारा 3.5 अंशांवर आला होता. वर्षातला सर्वांत लहान दिवसही याच सुमाराचा, 21-22 डिसेंबरचा. सुमारे पावणेदोन हजार वर्षांपूर्वी मकर संक्रांत त्याच दिवशी यायची. दर 72 वर्षांना एक दिवस, अशी सरकत ती जानेवारीच्या मध्यावर आली. काकूंची शेगडी अजून जुन्या मुहूर्तावरच पेटते म्हणायची!

आपल्याकडे या काळाची देवीही आहे. पंचांगात संक्रांतीचं वाहन, वस्त्र, शस्त्र, ती येते कुठून आणि बघते कुठे, सगळं छापलेलं असतं. ती जे नेसते-खाते ते महागतं, असा समज. तिकडे युक्रेनमध्ये, जिथे कीव्हला वर्षातला सर्वांत लहान दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, जुन्या कालगणनेप्रमाणे 13 जानेवारीच्या संध्याकाळी, म्हणजे आपल्या भोगीच्या सुमारास, मलांका नावाची सोंगांची मिरवणूक निघते. सोंगं घेतलेली पोरं घरोघर गाणी म्हणतात. बकऱ्याचं सोंग मरून पडतं, पुन्हा उठतं आणि नाचतं. घरधनी खाऊ देतो. नाताळच्या आदल्या रात्री त्यांच्या पानात शिजवलेले गहू, मध आणि खसखस. काकूही बारीक हलव्यासाठी खसखसच घेतात. बाळाच्या मुकुटाला तिळाचा दाणा जड होतो.

मुकुट, बाजूबंद, बासरी हे बोरन्हाणाचं. नव्या सुनेसाठी हार, नथ, मुंडावळ्या. काळ्या साडीवर हे पांढरे काटे खुलतात, हे खरंच. बाजारातला रंगीत, गुळगुळीत हलवा स्वस्त पडतो, पण तो काळ्यावर नुसत्या गोळ्यांसारखा दिसतो.

ओवताना काटा मोडतो, म्हणून बरेच दाणे पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवतात. जानेवारीत नागपुरात मधेच पाऊस येतो, तेव्हा हलव्याला पाणी सुटतं; आभाळ भरलं की तयार दागिने लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात जातात. खायचा हलवा वेगळ्या बरणीत असतो. तरीही बोरन्हाणात एखादं पोर बासरीच चोखायला घेतं आणि त्याच्या आईची धावपळ उडते.