शेतीला दिवसा लाईट देणारी सौर वाहिनी योजना नेमकी काय? जमीन देण्याआधी गावाने हे वाचाच

राज्यात अनेक तालुक्यांत सबस्टेशनच्या आसपास सौर पॅनेलच्या रांगा उभ्या राहत आहेत. कुठे सरकारी जागेवर, कुठे गायरानावर, तर कुठे शेतकऱ्याच्या पडीक रानात. गावात मात्र प्रश्न तेच ऐकू येतात. ही वीज आपल्याला मिळणार की शहराला? आपलं कनेक्शन बंद होणार का? जमीन भाड्याने दिली तर ती परत मिळते का? आणि कोळशाचा धूर कमी होण्याशी आपल्या मोटारीचा काय संबंध?

या प्रश्नांची उत्तरे एकेक करून पाहू.

रात्रीची लाईट का येते?

आपल्या राज्यात शेतीपंपांना लाईट पाळीने देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. काही दिवस दिवसा आठ तास, तर काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला शेतकरी अंधारात बांधावर. साप, विंचू, थंडी आणि आता ऊसपट्ट्यात बिबट्याची भीती. घरचं माणूस दारे धरायला गेलं की परत येईपर्यंत बाकीच्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही.

याचं कारण साधं आहे. महावितरण जेवढी वीज विकते त्यातली जवळपास 30 टक्के शेतीला लागते. एवढा भार कारखाने, दुकाने, कार्यालये चालू असताना एकदम दिवसा टाकला तर यंत्रणेवर ताण येतो. म्हणून शेतीचा काही भार रात्रीकडे ढकलला जातो. कोळशावरचं वीज केंद्र रात्रीही चालूच ठेवावं लागतं, कारण त्याचा बॉयलर घरातल्या बल्बसारखा बटण दाबून बंद-चालू करता येत नाही. चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ इथल्या केंद्रांतून निघालेली वीज अशी रात्री आपल्या विहिरीवर पोहोचते.

सूर्याचं गणित याच्या उलट आहे. ऊन दिवसा असतं आणि मोटारही दिवसाच चालवायची असते. सौर ऊर्जेची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ती रात्री मिळत नाही. शेतीपंपाच्या बाबतीत ही अडचण फारशी उरत नाही. त्यामुळे बॅटरीचा खर्च न करता सौर वीज थेट वापरता येईल अशी सगळ्यात सोपी जागा म्हणजे शेतीपंप.

योजना चालते कशी?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली सुरू झाली. 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा, म्हणजे 2.0, आला. केंद्राच्या पीएम कुसुम योजनेतून तिला अनुदानाची जोड मिळाली.

गावाला वीज देणारं 33/11 केव्हीचं सबस्टेशन असतं. तिथून 11 केव्हीच्या लाईन निघतात, त्यांना आपण फिडर म्हणतो. बऱ्याच ठिकाणी गावठाणाचा फिडर वेगळा आणि शेतीचा फिडर वेगळा केलेला आहे. या योजनेत सबस्टेशनच्या जवळ काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारतात आणि त्याची वीज त्याच सबस्टेशनमध्ये सोडतात. तिथून ती शेतीच्या फिडरवर जाते.

शेतकऱ्याच्या बाजूने यात काहीच बदलत नाही. कनेक्शन तेच, डीपी तीच, मोटार आणि स्टार्टर तोच. शेतात पॅनेल लावायचं नाही, पैसे भरायचे नाहीत. बदल फक्त वेळेचा, म्हणजे लाईट दिवसा येते.

ढगाळ दिवशी काय? सौर प्रकल्प महावितरणच्या जाळ्याला जोडलेला असतो. त्यामुळे कमी पडलेली वीज नेहमीच्या जाळ्यातून घेता येते. पावसाळ्यात ऊन कमी असतं, पण तेव्हा मोटारीही कमी चालतात.

दुसरा फायदा व्होल्टेजचा. शेकडो किलोमीटरवरून येणारी वीज वाटेत काही प्रमाणात वाया जाते. तीच वीज पाच-सात किलोमीटरवर तयार झाली तर गळती कमी होते आणि लाईनच्या टोकाच्या शेतकऱ्यालाही बरा दाब मिळू शकतो. मात्र डीपीवर क्षमतेपेक्षा जास्त मोटारी असतील, आकडे टाकलेले असतील, तर वीज सौर असो की कोळशाची, डीपी जळणारच.

कुठे सुरू झालं?

योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यात धोंदलगाव इथे 2024 मध्ये सुरू झाला. क्षमता 3 मेगावॉट, जागा 13 एकर, आणि दिवसा वीज मिळालेले शेतकरी 1,753. त्यानंतर नांदेड जिल्ह्यातलं बामणी बुद्रुक, कोल्हापूर जिल्ह्यातलं कोंडिग्रे, अकोला जिल्ह्यातलं जलालाबाद आणि बुलढाणा जिल्ह्यातलं पळशी बुद्रुक इथले प्रकल्प धरून पाच ठिकाणचे मिळून 19 मेगावॉट ऑक्टोबर 2024 मध्ये लोकार्पण झाले. पुढे राज्याने या योजनेचं उद्दिष्ट 16,000 मेगावॉटपर्यंत नेलं. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता 1,960 मेगावॉट आहे, म्हणजे हे उद्दिष्ट आठ कोयनांएवढं झालं. पण कोयना पाणी सोडलं की रात्रीही वीज देते, सौर प्रकल्प फक्त उन्हात देतो. त्यामुळे मेगावॉटची तुलना जशीच्या तशी करू नये.

धूर किती कमी होतो?

देशाच्या वीजजाळ्यातून एक युनिट वीज वापरली की सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण निम्म्याहून जास्त वीज अजून कोळशावर तयार होते. आपल्याकडच्या उन्हात 1 मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण 15 लाख युनिट देतो. म्हणजे 3 मेगावॉटचा प्रकल्प 45 लाख युनिट. गुणाकार केला तर एका गावाजवळचा असा प्रकल्प वर्षाला 3,000 टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड टाळू शकतो.

एका मोटारीचं पाहा. 5 एचपीची मोटार तासाला जवळपास 4 युनिट खाते. आठ तास चालली तर 32 युनिट, म्हणजे दिवसाला 22 किलोच्या आसपास कार्बन. धूर आपल्या विहिरीवर दिसत नाही, तो चंद्रपूर-परळीला निघतो. तिथल्या राखेचा आणि धुराचा त्रास तिथली गावं सोसतात. शेतीला सौर वीज मिळाली तर त्यांचाही भार हलका होतो.

पैशांचाही हिशेब आहे. या प्रकल्पांची वीज महावितरणला साधारण 3 रुपये युनिटने मिळते. 7.5 एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल 2024 पासून मार्च 2029 पर्यंत मोफत वीज जाहीर झालेली आहे, त्याचा लाभ 44 लाख शेतकऱ्यांना होतो. मोफत म्हणजे बिल शेतकऱ्याऐवजी सरकार भरतं. वीज जेवढी स्वस्त, तेवढा सरकारवरचा आणि जादा दर देणाऱ्या कारखान्यांवरचा बोजा कमी. मोफत विजेची मुदत संपल्यावर शेतीचा दर काय राहील, यावरही याच वीजखरेदी खर्चाचा परिणाम होणार आहे.

जमीन भाड्याने देताना

सबस्टेशनजवळ खडकाळ, पडीक रान असलेल्यांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. योजनेत खाजगी जमिनीला वर्षाला हेक्टरी 1 लाख 25 हजार रुपये किंवा रेडी रेकनरच्या किमतीच्या 6 टक्के, यातलं जे जास्त असेल ते भाडं ठरवलेलं आहे. हेक्टरी सव्वा लाख म्हणजे एकरी 50 हजार. त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ.

ही वाढ सरळ पद्धतीने, म्हणजे मूळ दरावर आहे. एकरी 50 हजारावर दरवर्षी 1,500 रुपये वाढतात. अकराव्या वर्षी भाडं 65 हजार होतं आणि पंचविसाव्या वर्षी 86 हजार. कोरडवाहू, माळरानाच्या जमिनीला आज हा आकडा चांगलाच आहे. पण पंचवीस वर्षांत खत, मजुरी, किराणा किती वाढेल, हे प्रत्येकाने घरात बसून ताडून पाहायला हवं. बागायती, बारमाही पाण्याची जमीन देणाऱ्याने तर दोनदा विचार करावा.

सही करण्याआधी एवढं नक्की पाहावं:

- सातबारावर किती नावं आहेत? बहीण, भाऊ, चुलते यांचा हिस्सा असेल तर सगळ्यांची संमती लागते. नंतरची भांडणं कोर्टात वर्षानुवर्षे चालतात.
- बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का?
- भाडं कोण देणार, कोणत्या महिन्यात देणार आणि उशीर झाला तर काय, हे करारात लिहिलेलं आहे का?
- कंपनीने प्रकल्प दुसऱ्याला विकला किंवा अर्धवट सोडला तर जमीन कशी परत मिळणार?
- मुदत संपल्यावर पॅनेल, पाया, तारा कोण काढणार?
- वहिवाटीचा रस्ता, शेजाऱ्याची वाट, ओढ्याचं पाणी अडणार का?
- जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

करार मराठीत समजून घ्यावा. तालुक्याच्या वकिलाला वाचून दाखवायला हजार-दोन हजार गेले तरी हरकत नाही, करार पाव शतकाचा आहे.

गायरानाचा प्रश्न

बऱ्याच गावांत सौर प्रकल्पासाठी सरकारी जागा किंवा गायरान पुढे केलं जातं, आणि वाद इथेच पेटतो. ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांना दिवसा लाईट हवी. ज्यांच्याकडे फक्त चार शेळ्या आणि दोन गाई आहेत त्यांना चराई हवी. मोटार नसलेल्याला दिवसा लाईट आली काय आणि रात्री आली काय, फरक पडत नाही. त्याचं रान मात्र कुंपणात जातं. काही गायरानांवर भूमिहीन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेली आहेत, त्यांचा प्रश्न आणखी वेगळा.

प्रकल्प ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत होतो तिला सार्वजनिक कामांसाठी वर्षाला 5 लाख रुपये, असे तीन वर्षे, एकूण 15 लाख देण्याची तरतूद योजनेत आहे. या पैशाचं काय करायचं हे ग्रामसभेत ठरू शकतं. गायरान गेलेल्यांसाठी चारा, पाण्याचा हौद, उरलेल्या रानावर गवत लागवड, अशा कामांवर त्यातला हिस्सा ठेवा अशी मागणी करायला कुणाची आडकाठी नाही. ठराव मात्र सगळ्या वस्त्यांना आधी कळवून, भर सभेत झाला पाहिजे. चार लोकांत झालेला ठराव पुढे गावालाच महागात पडतो.

स्वतःचा सौर पंप की फिडरची लाईट?

ज्यांच्याकडे अजून कनेक्शनच नाही, त्यांच्यासाठी मागेल त्याला सौर कृषी पंप योजना आहे. सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के रक्कम भरावी लागते. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5 एचपी आणि त्याहून जास्त जमिनीला 7.5 एचपीपर्यंतचा पंप मिळतो. पाच वर्षे दुरुस्तीची हमी आणि विमा असतो. वादळात पॅनेल उडाले किंवा चोरी झाली तर लगेच फोटो काढून कळवावं, उशीर केला की दावा अडकतो.

बोअर फार खोल असेल तर मात्र पंप पाणी किती उचलेल हे आधी तपासून घ्यावं. सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपं असताना पाण्याची धार कमी होते, ते बिघाडाचं लक्षण नाही.

घराच्या लाईट बिलासाठी पीएम सूर्यघर योजना वेगळी आहे. छपरावरच्या 1 किलोवॉटला 30 हजार, 2 किलोवॉटला 60 हजार आणि 3 किलोवॉट किंवा त्याहून जास्तला कमाल 78 हजार रुपये अनुदान मिळतं. 1 किलोवॉट पॅनेल महिन्याला 120 युनिटच्या आसपास देतं. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीने घरोघरी छतावर पॅनेल लावून राज्यातलं पहिलं सौरग्राम होण्याचा मान 2024 मध्ये मिळवला.

विहिरीचं पाणीही पाहा

दिवसा लाईट, तीही मोफत, म्हणजे मोटार चालूच. हा धोका खरा आहे. पूर्वी रात्रीच्या पाळीत जे पाणी नाइलाजाने उशिरा उपसलं जायचं, ते आता रोज आठ तास उपसता येतं. शंभर फुटांची विहीर आटली की सौर असो की कोळशाची, लाईट काय कामाची? ठिबक, पीक पाहून पाळी आणि गावाने मिळून पाण्याचा ताळेबंद, ही जोड नसेल तर सूर्याची वीज भूजल संपवायलाच मदत करेल.

फोनवर येणाऱ्या फसव्या लिंक

सौर पंपाच्या नावाने व्हॉट्सॲपवर खोट्या वेबसाईट, खोटी मंजुरीपत्रं फिरतात. "आज 5,000 भरा, उद्या पंप" असा फोन आला की समजावं, डाव आहे. पैसे फक्त अधिकृत पोर्टलवर अर्ज मंजुरीनंतर भरायचे असतात, कुणाच्या खाजगी क्यूआर कोडवर नाही. ओटीपी कुणालाही सांगू नये. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाईनवर तक्रार करावी.

गावाने आत्ता काय करायचं?

आपल्या सबस्टेशनवर सौर प्रकल्प मंजूर आहे का, कोणते फिडर जोडले जाणार आणि काम कुठवर आलं, हे महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात विचारता येतं. तिथून उत्तर मिळालं नाही तर ग्रामपंचायतीने लेखी पत्र द्यावं. विजेच्या तक्रारीसाठी 1912 हा क्रमांक आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर जागा, गायरान, 5 लाखांचा निधी आणि पाण्याचा ताळेबंद हे चार विषय आधीच लिहून द्यावेत. ऐनवेळच्या विषयांत ढकलले की त्यावर नीट बोलणं होत नाही.