एक घर, तीन न्यायालये

बेळगावातील आमच्या पिढीसमोर 'बॅरिस्टर' हा शब्द उच्चारला की बॅ. नाथ पै यांची मूर्ती डोळ्यांसमोर उभी राहते. सीमाभागाचे दुःख संसदेत मांडणारा तो वाणीचा धनी 1971 च्या जानेवारीत याच गावी कालवश झाला. त्यामुळे बॅरिस्टर म्हणजे सभा जिंकणारा वक्ता, ही समजूत आमच्या मनात पक्की बसली होती. गेल्या गणपतीत आमची पुतणी इंग्लंडहून घरी आली आणि त्या समजुतीला चांगलाच धक्का बसला.

ती उत्तर इंग्लंडमधील एका शहरात ज्युनियर बॅरिस्टर आहे. आपल्याकडे 1961 च्या अधिवक्ता कायद्याने वकिली करणारांचा एकच वर्ग ठरवला. तिकडे मात्र अद्याप दोन शाखा आहेत. पक्षकार सामान्यतः प्रथम सॉलिसिटरकडे जातो. न्यायालयात उभे राहून बाजू मांडण्यासाठी सॉलिसिटर बॅरिस्टरला कागदपत्रे, म्हणजे ब्रीफ, पाठवतो. बॅरिस्टर होऊ इच्छिणाऱ्याला लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल या लंडनच्या चार जुन्या संस्थांपैकी एकीचे सभासद व्हावे लागते. आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1916 साली ग्रेज इनमध्येच दाखल झाले होते. पुढे साधारणतः एक वर्ष उमेदवारी असते. पहिले सहा महिने वरिष्ठांच्या मागे फिरून पाहायचे, आणि पुढचे सहा महिने स्वतः उभे राहायचे. 'ज्युनियर' या शब्दाचा वयाशी संबंध नाही. ज्याला किंग्ज कौन्सेल हा मान मिळालेला नाही, तो साठीतही ज्युनियरच म्हणवला जातो.

आमचे बंधू तिच्यावर नाराज होते. "व्यापारी कायद्यात जा, पैसा तिथे आहे," हा त्यांचा आग्रह. कन्या मात्र फौजदारी, दिवाणी आणि कौटुंबिक अशी तिन्ही प्रकारची कामे घेऊन बसलेली. सरकारी कायदा-साहाय्यातून फौजदारी कामाला मिळणारे मानधन इतके तुटपुंजे, की 2022 साली तिकडच्या फौजदारी बॅरिस्टरांनी काम बंद ठेवले होते. खरे सांगायचे तर आम्हीही बंधूंच्याच बाजूचे होतो. एका विषयात प्रावीण्य मिळवावे, असे आम्ही तीस वर्षे मुलांना सांगत आलो आहोत.

"काका, माझा आठवडा ऐका आणि मग बोला," ती म्हणाली.

सोमवारी मॅजिस्ट्रेटच्या न्यायालयात मारहाणीच्या आरोपीचा बचाव. तिथे न्यायासनावर बहुधा कायद्याची पदवी नसलेले, विनावेतन काम करणारे नागरिक बसतात. मंगळवारी काउंटी कोर्टात मोटार अपघाताची भरपाई, बुधवारी थकलेल्या भाड्यापायी घर जाऊ पाहणारे कुटुंब, गुरुवारी कौटुंबिक न्यायालयात मुलाच्या ताब्याचा वाद. पुष्कळदा आदल्या सायंकाळी चेंबर्सच्या क्लार्ककडून कागद हाती पडतात. रात्री ते वाचायचे आणि पहाटे आगगाडी धरायची.

"म्हणजे बायकोला मारणाऱ्याची बाजूही तू मांडतेस?" आम्ही विचारले.

"मांडते, काका. आमच्या क्षेत्रातले आणि वेळेत बसणारे काम, पक्षकार आवडत नाही म्हणून नाकारता येत नाही. रांगेतल्या भाड्याच्या मोटारीने गिऱ्हाईक निवडू नये, तसाच तो नियम. आणि तिथे जे शिकले, ते एका आईच्या कामी आले."

नावगाव गाळून तिने ती हकीकत सांगितली. विवाह न करता एकत्र राहणारे एक जोडपे, त्यांचे लहान मूल. एका रात्री मारहाण झाली आणि एका घराची तीन प्रकरणे झाली. मारहाणीचा खटला फौजदारी न्यायालयात गेला. संरक्षणाचा हुकूम आणि मुलाचा प्रश्न कौटुंबिक न्यायालयात आला. घर पुरुषाच्या नावे, म्हणून बाईच्या हिश्शाचा दावा दिवाणी न्यायालयात. तिकडे कितीही वर्षे एकत्र राहिले तरी विवाहाचे हक्क आपोआप मिळत नाहीत.

खटल्यात तो पुरुष निर्दोष सुटला. त्या दिवशी बाई आमच्या पुतणीला म्हणाली, "न्यायालयाने मला खोटी ठरवले. आता मुलाचा अर्जही मागे घेते."

"मी तिला थांबवले," पुतणी सांगत होती. "अशाच आरोपींचा बचाव मी करत असल्याने निर्दोष या शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता. शिक्षा देण्यापूर्वी न्यायाधीशांची पूर्ण खात्री पटावी लागते. ती पटली नाही, एवढेच त्या निकालाचे म्हणणे. बाई खोटे बोलली, असे त्यात कुठेही नाही. कौटुंबिक न्यायालयात घटना घडली असण्याचा संभव न घडल्याच्या संभवापेक्षा अधिक आहे का, इतकेच पाहतात. मुलांच्या प्रकरणांतही हेच माप, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने 2008 साली स्पष्ट केले आहे. आणि मुलाच्या संगोपनाचा निर्णय देताना 1989 च्या कायद्याने मुलाचे हित सर्वांत वर ठेवले आहे."

अर्ज मागे घेतला गेला नाही. आणखी एक गोष्ट तिने सांगितली. पूर्वी वकील न परवडणारा पुरुष कौटुंबिक न्यायालयात स्वतःच त्या स्त्रीची उलटतपासणी घेऊ शकत असे. 2021 च्या कायद्याने अशा प्रकरणांत त्याला मोठा पायबंद घातला. प्रश्न विचारायला न्यायालय वकील नेमू शकते.

हे ऐकताना आम्हांला आमच्या शाळेच्या कचेरीतील एक दुपार आठवली. एका विद्यार्थ्याचे वडील निर्दोष सुटल्याच्या निकालाची प्रत घेऊन मुलाचा दाखला मागायला आले होते. आई दारात उभी राहून म्हणत होती, "गुरुजी, चार दिवस थांबा, ताब्याचा अर्ज घातला आहे." आम्ही त्या कागदावरचा शिक्का पाहिला, तिलाही दाखवला आणि दाखला लिहून दिला. आपल्याकडेही 1890 च्या पालक व पाल्य कायद्यान्वये न्यायालय अल्पवयीनाचे हितच पाहते, आणि सुटकेचा निकाल म्हणजे ताब्याचा हुकूम नव्हे, हे आम्हांला सांगणारे त्या दिवशी कोणी नव्हते. आम्हीही कोणाला विचारले नाही. मुलगा वर्षाच्या मध्येच गेला. पुढे त्याचे काय झाले, ते कळले नाही.

गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यावर पुतणी परत निघाली. स्टेशनवर बंधूंनी पुन्हा व्यापारी कायद्याचा विषय काढला. या वेळी आम्ही त्यांची बाजू घेतली नाही. "तिला तिन्ही दारांशी काही वर्षे उभे राहू दे," असे म्हणालो. बंधूंना ते फारसे रुचले नाही. पुतणीने मात्र वाकून नमस्कार केला आणि ती गाडीत चढली.